कोर्ट ऑनलाइन झालं, पण जजची मान कुठे आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षं वकिली झालीये, जेएमएफसीच्या, म्हणजे खालच्या कोर्टात जज व्हायच्या परीक्षेची तयारी चालू आहे, कॉम्प्युटरमध्ये बऱ्यापैकी गती आहे, तर कोर्टं डिजिटल होत असताना जजची नोकरी कशी असेल, पेपरलेस कोर्ट खरंच असतं का, आणि एआय आल्यावर आमचं काय. मी १९९३ ला लागलो, २०२३ ला साठ पूर्ण झाल्यावर जिल्हा न्यायाधीश म्हणून रिटायर झालो, आणि मधली बरीच वर्षं नको नको म्हणत असतानाही कॉम्प्युटरचं काम माझ्याच गळ्यात पडलं, त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी सुरुवात कशी होती ते सांगतो, कारण त्याशिवाय आत्ता काय बदललंय ते कळणार नाही. माझं पहिलं पोस्टिंग तालुक्याला. जज दोन आणि टायपिस्ट एक, तो पण सीनियर साहेबांच्या कोर्टात. म्हणजे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की साक्ष मी हाताने लिहायची. वकील प्रश्न विचारणार, साक्षीदार उत्तर देणार, मी त्याचं वाक्य मनात जुळवून कागदावर उतरवणार, तोपर्यंत वकील थांबणार, आणि हे असं सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडलेला, तो अजून आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण वेळ मान खाली.

एका वाटणीच्या दाव्यात एक म्हातारी बाई साक्षीला होत्या. साक्ष चांगली झाली, उत्तरं अगदी व्यवस्थित, मी समाधानाने चेंबरमध्ये आलो तर मागून बेंच क्लार्क आला आणि हळूच म्हणाला, साहेब, त्या बाई प्रत्येक उत्तराआधी मागे बसलेल्या भावाकडे बघत होत्या, तो मान हलवायचा मग त्या बोलायच्या. मला काहीच दिसलं नव्हतं. मी लिहीत होतो ना. आता कायदा म्हणतो की साक्षीदाराच्या वागण्याबद्दल जजला शेरा लिहिता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १८ रूल १२ आहे, जुन्या फौजदारी संहितेत कलम २८० होतं, पण बघायला वेळच नसेल तर शेरा कसला लिहिणार. त्या दिवसापासून मी टेक्नॉलॉजीकडे एकाच नजरेने बघतो, याने जजची मान वर येते का खाली जाते. बाकी भाषणं ऐकून सोडून देतो.

तर कॉम्प्युटरचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाची ई-कमिटी २००४ च्या शेवटी झाली, पुढच्या वर्षी आराखडा आला आणि ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ ला सुरू झाला. आम्हाला लॅपटॉप मिळाले. उघडला तर आत विंडोज नाही, उबुंटू. ई-कमिटीने ठरवलं होतं की फुकटचं, खुलं सॉफ्टवेअर वापरायचं, आणि मागे वळून बघता तो निर्णय फार शहाणपणाचा होता, पण त्या वेळी आमच्यातले निम्मे जण हैराण. एक सहकारी तर सहा महिने लॅपटॉप कपाटात कुलूप लावून ठेवून होते, चोरीला गेला तर पगारातून कापतील म्हणून. आणि मराठीचा गोंधळ वेगळाच. आपल्याकडे १९९८ पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, स्टेनो लोकांनी वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये निकाल टाइप केलेले, ते युनिकोड नव्हते. अपलोड करायला लागलो तर स्क्रीनवर नुसती चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं. एक चाळीस पानी निकाल स्टेनोने अक्षरशः दोन दिवस बसून परत टाइप केला आणि त्या दोन दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बरोबरच होतं तिचं, अपलोडची घाई माझीच होती.

पण टायपिंग सुरू झालं आणि माझी मान वर आली, हे नक्की. स्टेनो शेजारी बसलेली, मी साक्षीदाराकडे बघून वाक्य डिक्टेट करतो, तिच्या स्क्रीनवर उमटतं, दोन्ही वकिलांना दिसतं. चूक असेल तर तिथेच "साहेब, असं नाही म्हणाला तो" म्हणून दुरुस्ती. आधी हे भांडण अपिलात व्हायचं. वीस वर्षांत कोर्टरूममध्ये आलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये मला एकच ठेवायला सांगितली तर मी वकिलांच्या बाजूला तोंड करून ठेवलेला तो दुसरा मॉनिटर ठेवेन. त्याचं उद्घाटन कोणी करत नाही, फोटो येत नाही पेपरात, पण उलटतपासातली निम्मी वादावादी त्याने संपवली.

मग सीआयएस आलं, म्हणजे केसची सगळी माहिती भरायचं सॉफ्टवेअर, पुण्याच्या एनआयसीने, म्हणजे सरकारच्याच कॉम्प्युटर खात्याने बनवलेलं. प्रत्येक केसला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर, सुरुवातीची दोन अक्षरं राज्य, पुढची दोन जिल्हा, मग कोर्ट, मग नंबर आणि साल. वकील असल्यामुळे तुम्ही रोज वापरत असाल, पण आतल्या बाजूने काय झालं ते ऐका. आधी महिनाअखेरचं विवरणपत्र करायला क्लार्क लोक रात्री थांबायचे, किती केस आल्या, किती निकाली, किती शिल्लक, रजिस्टरं पुढ्यात घेऊन बेरजा, आणि बेरीज कधीच जुळायची नाही, मग जुळवली जायची. ते काम एका बटणावर आलं. पट्टेवाल्यापासून शिरस्तेदारापर्यंत सगळ्यांना कॉम्प्युटर पटला तो यामुळे, व्हिजन डॉक्युमेंट वाचून नाही.

उलट बाजू पण आहे. एकदा एक पक्षकार लांबून, दोन बस बदलून आला, हातात मोबाईल, त्यात त्या दिवशीची तारीख. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसच्या यादीत, त्याची केस नाही. रोजनामा, म्हणजे केसमध्ये प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, काढून बघितला तर तारीख पुढच्या महिन्याची. क्लार्कने महिना चुकीचा निवडला होता, एवढंच. पूर्वी अशी चूक रजिस्टरात राहायची आणि वकिलाच्या डायरीत बरोबर तारीख असायची. आता लोक वकिलाच्या डायरीपेक्षा मोबाईलवर विश्वास ठेवतात, आणि ठेवावाच, पण मग मोबाईलमध्ये दिसणारी तारीख ही कोर्टाचा शब्द झाली. मी तेव्हापासून डायसवरून उठायच्या आधी दिवसभराचे रोजनामे स्क्रीनवर नजरेखालून घालायला लागलो. वीस मिनिटं जातात. जज झालात तर ही सवय पहिल्या आठवड्यात लावून घ्या, पुढे लागत नाही.

आणि एनजेडीजी. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली, कोणीही घरी बसून बघू शकतो की अमुक जिल्ह्यात किती केस पडून आहेत आणि किती वर्षांच्या. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्ट स्वतः पण त्यात आलं. पारदर्शकता म्हणून मला हे मनापासून आवडतं, पूर्वी कोणत्या कोर्टात किती जुनी केस सडतेय हे जिल्हा न्यायाधीशालाही धड माहीत नसायचं, इन्स्पेक्शनला कपाट उघडल्यावर कळायचं. पण जजच्या अंगाने बोलायचं तर रोज सकाळी एक आकडा तुमच्याकडे बघत असतो. जजच्या कामाचं मोजमाप युनिटवर होतं हे तुम्हाला माहीत असेलच, अमुक प्रकारची केस निकाली काढली की अमुक युनिट. आकडा समोर असला की माणसाचा हात आपोआप सोप्या केसकडे जातो. चेक बाऊन्सच्या तडजोडी, गैरहजेरीत काढून टाकलेले दावे, यांनी आकडा छान दिसतो. पंचवीस वर्षं जुना, सहा वारस मेलेले, नकाशाचे तुकडे झालेले, असा दावा ज्याच्यात तीन आठवडे डोकं घालायला लागतं तो आकड्यात एकच. मी स्वतः या मोहात दोन-अडीच वर्षं अडकलो होतो, खोटं कशाला बोलू. एका वकिलांनी निरोप समारंभात "साहेबांचं डिस्पोजल फार चांगलं" असं कौतुक केलं आणि मला ते लागलं, कारण निकालाबद्दल ते काही बोलले नव्हते.

व्हीसीबद्दल, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सबद्दल, लोकांना वाटतं की कोरोनात सुरू झालं. तसं नाही. २००३ मध्येच सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सांगितलं होतं की फौजदारी केसमध्ये आरोपीच्या हजेरीत साक्ष घ्यायची याचा अर्थ एकाच खोलीत असणं असा होत नाही, अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने घेता येईल. केस मुंबईची होती बरं का. पण पुढची सतरा वर्षं आम्ही व्हीसी वापरली ती मुख्यतः कच्च्या कैद्यांच्या तारखांसाठी, जेलमध्ये एक टीव्ही, कोर्टात एक टीव्ही, आणि "आवाज येतोय का" यात निम्मा वेळ. ६ एप्रिल २०२० ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि मग सगळी कोर्टं एका रात्रीत व्हीसीवर. त्या आदेशातही एक गोष्ट नीट लिहिली होती, दोन्ही बाजूंची संमती असल्याशिवाय व्हीसीवर साक्षीपुरावा घ्यायचा नाही. ते वाक्य लिहिणाऱ्याने ट्रायल कोर्ट बघितलेलं असणार. (टेक्सासमध्ये एका वकिलाच्या चेहऱ्याजागी मांजराचं पिल्लू दिसत होतं आणि तो जजला सांगत होता की मी मांजर नाही, तो व्हिडिओ त्याच काळातला. आमच्याकडे मांजर नाही आलं, पण एक वकील साहेब वरती काळा कोट बँड आणि खाली लुंगी असे उठून फॅन लावायला गेले, सगळ्या बारने बघितलं.)

युक्तिवादाला, तारीख घ्यायला, किरकोळ अर्जांना व्हीसी उत्तम. एका तारखेसाठी वकिलाने दुसऱ्या जिल्ह्यातून यायची काहीच गरज नाही, डॉक्टर आणि फॉरेन्सिकवाले यांची साक्ष तर व्हीसीवरच व्हावी असं माझं मत, बिचारे अर्धा दिवस व्हरांड्यात बसतात आणि वकील तारीख मागतो. पण घरच्या, जमिनीच्या, मारामारीच्या केसमधला साक्षीदार व्हीसीवर घ्यायचा म्हणजे मला ती म्हातारी आठवते. रिटायर व्हायच्या वर्षभर आधीची गोष्ट, एक साक्षीदार दुसऱ्या गावाहून व्हीसीवर होता, प्रत्येक प्रश्नाला त्याचे डोळे लॅपटॉपच्या वरून पलीकडे जायचे. मी म्हटलं, लॅपटॉप उचला आणि खोलीभर फिरवा. फिरवला, तर दारामागे एक गृहस्थ, हातात कागद. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तो भाऊ मागच्या बाकावर होता, आता दारामागे, फरक एवढाच की या वेळी मी बघत होतो. नियमांमध्ये साक्षीदाराच्या टोकाला कोऑर्डिनेटर असावा अशी तरतूद आहे ती याचसाठी, आणि तो कोऑर्डिनेटर खरंच खोलीत आहे की नुसता कागदावर हे आधी विचारायचं.

लाइव्ह स्ट्रीमिंगवर फार लिहीत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला तत्त्वतः मान्य केलं, घटनापीठाचं सप्टेंबर २०२२ पासून दिसायला लागलं. खालच्या कोर्टात साक्षीदाराचा चेहरा यूट्यूबवर जाणं मला पटत नाही, बस.

आता पुराव्याकडे येतो, कारण तुमची कॉम्प्युटरची आवड सगळ्यात जास्त इथे कामाला येईल. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट लागतं की नाही यावर कोर्टांमध्ये वर्षानुवर्षं गोंधळ होता. शेवटी जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रश्न नाही, पण कॉपी देणार असाल तर जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब चं सर्टिफिकेट पाहिजेच. जालन्याच्या निवडणुकीचा वाद, उमेदवारी अर्ज भरतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग, म्हणजे आपल्या मातीतलीच केस. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलम ६३, सर्टिफिकेटचे दोन भाग, एक सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे काय हे मी नवीन जजेसना असं सांगायचो की तो फाईलचा अंगठा समजा, फाईलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी अंगठा बदलतो. एवढं कळलं की पुरतं, गणित कळायची गरज नाही. पण गंमत बघा, मी सीनियर वकिलांना "हॅश जुळतो का" विचारलं की ते अर्जदाराकडे बघायचे, अर्जदार मोबाईलकडे बघायचा.

जुन्या फौजदारी संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं केलंय, कलम १०५. याने एक जुनं दुखणं बरं होईल. पंच फितूर होणं हे आपल्याकडे इतकं ठरलेलं आहे की पंच पिंजऱ्यात आला की स्टेनो आधीच टाइप करायला घेते, "मी पोलिसांच्या सांगण्यावरून सही केली". व्हिडिओ असेल तर ते जरा अवघड जाईल. पण यातला हिशेब कोणी करत नाही तो असा, पंचनामा वाचायला मला पाच मिनिटं लागतात, एक तासाचा व्हिडिओ बघायला एक तास लागतो, आणि तो बघताना पुढे पळवला तर नेमकं बचाव पक्ष म्हणतो ते चाळिसाव्या मिनिटाला असतं. दिवसाच्या बोर्डावर साठ-सत्तर केस असतील तर हा तास कुठून आणायचा. मुद्देमाल खोलीचंही तेच, जुन्या केसेसच्या सीडी आहेत, वाजवायला ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर नाही. एकदा खुनाच्या केसमध्ये सीडी लावली, ती चक्क रिकामी निघाली. कॉपी करताना कोणी नीट तपासलंच नव्हतं, आणि सात वर्षं ती सीलबंद पाकिटात पुरावा म्हणून पडून होती.

पेपरलेस. प्रामाणिक उत्तर द्यायचं तर माझ्या काळात कागद कमी नाही झाला, वाढला. दावा ऑनलाइन भरायचा आणि वर प्रिंटचा सेटही द्यायचा, असं बरीच वर्षं दोन्ही चालू होतं, वकील मंडळी चिडायची आणि माझी त्यांना सहानुभूती होती. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ७,२१० कोटी मंजूर केलेत, त्यातले दोन हजार कोटींच्या वर नुसते जुनं रेकॉर्ड स्कॅन करायला. ते मात्र फार गरजेचं आहे, ज्याने पावसाळ्यात रेकॉर्ड रूम बघितलीये तो वाद घालणार नाही. नव्या पिढीतले जज दोन स्क्रीन लावून निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज एका बाजूला आणि लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं उत्तर, दुसऱ्या बाजूला ठेवून आरामात काम करतात, मी बघितलंय. मी स्वतः शेवटपर्यंत चिठ्ठ्या लावून, पेन्सिलीने खुणा करून वाचणारा. वाचलेलं पान डावीकडे वर होतं की खाली हे मला आठवतं, स्क्रीनवर तसं आठवत नाही. वयाचा दोष असेल.

जिथे डिजिटलने खरोखर माणसाचं भलं केलं ती जागा मात्र कोणी सांगत नाही, जामिनाचा हुकूम. पूर्वी हुकूम झाला की कागद हाताने जेलपर्यंत न्यायचा, जेलच्या दारावरची पेटी ठरलेल्या वेळी उघडणार, ती वेळ चुकली की माणूस आणखी एक रात्र आत, शनिवार-रविवार आला तर विचारू नका. कोर्टाने सोडलेला माणूस निव्वळ कागद पोचला नाही म्हणून आत. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२२ मध्ये फास्टर नावाची व्यवस्था सुरू केली, त्यांचे आदेश थेट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जेलपर्यंत जायला लागले. समन्सचंही तसंच, बेलिफकडे जीपीएसवाला फोन, म्हणजे "घर बंद होते" असं एसटी स्टँडवर बसून लिहिता येत नाही. बेलिफ लोकांना अजिबात आवडलं नाही, यावरून समजा उपयोगी आहे. आणि ट्रॅफिकच्या चलनांसाठी नागपूर जिल्ह्यात काटोलला २०२० मध्ये व्हर्च्युअल कोर्ट झालं, ज्या कामात ऐकण्यासारखं काही नाही, फक्त दंड भरायचाय, ते जजसमोर यायलाच नको.

एआय. दोन गोष्टी वेगळ्या करा. एक म्हणजे शोधाशोध आणि भाषांतर, सुप्रीम कोर्टाचं सुवास हे भाषांतराचं टूल २०१९ पासून आहे, ठीक आहे, माणसाने तपासून घेतलं तर वेळ वाचतो. दुसरं म्हणजे निकालात एआय, तिथे मी केरळ हायकोर्टाच्या बाजूने, त्यांनी जुलै २०२५ मध्ये खालच्या कोर्टांसाठी धोरणच काढलं की निष्कर्ष, आदेश, निकाल यासाठी एआय वापरायचं नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ ला वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात सादर केले आणि दंड खाल्ला, हे तुम्ही वाचलं असेल. आपल्याकडेही बोर्डावर वकील फाडफाड निवाडे सांगायला लागला की मी एकच करायचो, तो निवाडा उघडून त्यातला एक परिच्छेद वाचायला सांगायचो. चॅटजीपीटी यायच्या आधीपासून ही ट्रिक चालते.

पण मला जास्त विचार पडतो तो बोललेलं आपोआप टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरचा. साक्षीदार म्हणतो, "म्या न्हाई पायलं, म्या व्हतो रानात." रेकॉर्डवर जातं, "मी घटना पाहिली नाही. मी त्यावेळी शेतात होतो." आणि उलटतपासात प्रश्नाला नुसतं "न्हाई" म्हटलं की उतरतं, "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." ही कोर्टाची मराठी जगात कोणी बोलत नाही, पण गेली कित्येक दशकं जज आणि स्टेनो मिळून ती बनवतात, आणि त्या बनवण्यात नकळत खूप काही ठरतं. "घटना" हा शब्द साक्षीदाराने उच्चारलाच नव्हता, तो मी घातला. मशीनने त्याचेच शब्द जसेच्या तसे उतरवले तर एका अर्थी ते जास्त खरं होईल, आणि दुसऱ्या अर्थी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्याचं मशीनला काय ऐकू येईल ते देव जाणे. सही करायच्या आधी साक्षीदाराला त्याची साक्ष वाचून दाखवायची असते, पूर्वीपासूनचा नियम आहे, घाईत सगळ्यात आधी तोच कापला जातो. मशीन आलं तर मी तो एक नियम फार कडक पाळेन, पूर्ण वाचून दाखवीन, मग पाच वाजोत की साडेपाच.

नोकरीबद्दल म्हणाल तर थोडक्यात. चार वर्षं वकिली झालीये हे उत्तम, तसंही मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने किमान तीन वर्षं वकिलीची अट परत आणलीये, आणि ती मला योग्यच वाटते, कारण तारीख का मागितली जाते हे ज्याने स्वतः मागितलीये त्यालाच कळतं. एमपीएससीची पूर्व, मुख्य आणि मुलाखत, मग उत्तनच्या न्यायिक अकादमीत ट्रेनिंग. आमचं ट्रेनिंग म्हणजे सीनियर साहेबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसणं होतं. पुढे वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश, दर तीनेक वर्षांनी बदली, मुलांच्या शाळा बदलतात, बायको किंवा नवरा नोकरी करत असेल तर त्यांची ओढाताण. आणि एकटेपणा, त्याची तयारी ठेवा. चार वर्षं ज्यांच्यासोबत बाररूममध्ये बसलात ते दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला साहेब किंवा मॅडम म्हणणार आणि लग्नाचं आमंत्रण देताना दोनदा विचार करणार.

कॉम्प्युटर येतो याचा फायदा आहे, पण एक धोक्याची सूचना, ते फार लवकर सगळ्यांना कळू देऊ नका. माझं कळलं, तर जिल्ह्यात कुठेही प्रिंटर अडकला की फोन मला. मास्टर ट्रेनर झालो, शनिवार गेले, एका सीनियर साहेबांना मी पासवर्ड सात वेळा बदलून दिला आणि सातव्यांदा त्यांनी तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला. डिजिटल सहीचा टोकन पेनड्राइव्हसारखा असतो, तो क्लार्ककडे देऊन ठेवणारे जज मी बघितलेत. तुमची सही दुसऱ्याच्या खिशात ठेवल्यासारखं आहे ते. टोकन स्वतःजवळ, पासवर्ड डोक्यात.

आणि शेवटी विचारलंय ते टायपिंग कोणतं शिकू. इनस्क्रिप्ट शिका, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची प्रमाणित मांडणी. रोमनमध्ये लिहून मराठी उमटवायची सवय लागलेली असेल तर पहिले पंधरा दिवस चिडचिड होईल, मग बोटं बसतात. त्याचा खरा उपयोग असा की स्टेनो रजेवर असली आणि रिमांडला माणूस समोर उभा असला तर चार ओळींचा हुकूम कीबोर्डकडे न बघता टाइप करता येतो, आणि तो माणूस काय म्हणतोय, त्याच्या अंगावर काही वळ दिसतायत का, हे त्याच वेळी बघता येतं.